पोटाची वही

सोनोग्राफी नॉर्मल. रक्त नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. दुर्बिणीतून मोठं आतडं पाहिलं, तेही स्वच्छ. फाईल घेऊन घरी आले तेव्हा आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. सुनेला काही निघालं नाही याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात तीच कळ उठली. त्या दिवसापासून घरात एक प्रश्न फिरू लागला, कधी काळजीनं विचारलेला, कधी वैतागानं: काहीच नाही, तर मग दुखतंय कशाला?

हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो त्यांच्यासाठी लिहितेय.

मी शिक्षिका आहे. लातूरला राहते, शाळा औसा तालुक्यातल्या एका गावात. सकाळी एसटी किंवा जीप, दिवसभर वर्ग, संध्याकाळी परत. माझ्या आजाराचं नाव आयबीएस, इरिटेबल बाऊल सिंड्रोम. यात आतड्याला जखम नसते, सूज नसते, गाठ नसते. बिघडते ती आतड्याची चाल आणि त्याची जाणीव. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला होता. जेवढ्या फुग्यानं बहुतेकांना दुखत नव्हतं, तेवढ्याच फुग्यानं या आजाराच्या पुष्कळ रुग्णांना कळ आली. म्हणजे हवा तेवढीच, ताण तेवढाच, पण आतून येणारी खबर मोठी होऊन येते. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त मज्जापेशी आहेत. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं. मेंदू आणि आतडं यांचं बोलणं दिवसरात्र चालू असतं. ते बोलणं सोनोग्राफीत उमटत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही.

डॉक्टर निदान कशावरून करतात हे समजलं तेव्हा माझं ओझं निम्म्यानं उतरलं. जगभर वापरले जाणारे रोम निकष आहेत, २०१६ साली सुधारलेले. गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी. त्या दुखण्याचा संबंध तीनपैकी निदान दोन गोष्टींशी हवा: संडासला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं यातल्या बदलाशी, आणि कशी होते यातल्या बदलाशी. शिवाय त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची हवी. या सगळ्यात मशीन कुठंच नाही. बदल रुग्णानं पाहायचा, रुग्णानंच सांगायचा.

आणि सांगण्यापाशीच आमच्याकडं सगळं अडतं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये पडद्याअलीकडं पुढचे दोन पेशंट उभे असतात. शेजारी नवरा किंवा भाऊ. डॉक्टर विचारतात, "संडासला कशी होते?" बाई मान खाली घालून म्हणते, "होती की बरी." बाहेर आल्यावर मात्र बाकावर बसलेल्या अनोळखी बाईला सगळं सांगते. मुरडा येतो, आंव पडते, जाऊन आलं तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, चार दिवस खडा आणि पाचव्या दिवशी पाणी. माझ्या माहितीत अशा कितीतरी बायका आहेत ज्यांना निदान मिळालं नाही ते केवळ हे वाक्य योग्य माणसासमोर उच्चारता आलं नाही म्हणून. पुरुषांचंही फार वेगळं नाही. ते "गॅसेस होतात" एवढ्यावर भागवतात आणि दुकानातून गोळी घेतात.

मला वाट सापडली ती एका शंभरपानी वहीतून. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक तक्ता आहे. त्यात मलाचे सात प्रकार आहेत. एक म्हणजे सुटे कडक खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी, तीन-चार म्हणजे ठीक. डॉक्टरांनी तो दाखवला आणि म्हणाले, "शब्द नको वाटत असतील तर आकडा लिहा." त्या आकड्यानं माझी लाजच संपवली. तारीख, वेळ, आकडा, दुखणं किती, काय खाल्लं, झोप कशी, पाळीचा कितवा दिवस. वही स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागं राहायची. कुणाच्या हाती लागली असती तरी दुधाचा हिशेब वाटला असता.

त्या वहीनं पहिली गोष्ट शिकवली ती वेळेची. आपण जेवतो, आणि पाचच मिनिटांत पोट मुरडून संडासला पळावं लागतं. साहजिकच वाटतं की आत्ता खाल्लेलं बाधलं. म्हणून मी एकेक पदार्थ सोडत गेले होते. वांगं बाधलं, वांगं बंद. पोहे बाधले, पोहे बंद. खरं म्हणजे आत्ताचा घास त्या वेळी अजून जठरातच असतो. अन्न पोटात पडलं की मोठं आतडं हलू लागतं, आधीचं पुढं सरकवू लागतं. ही सगळ्यांच्याच शरीरातली क्रिया आहे, तिला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. आयबीएस असलेल्यांत ती जोरानं होते आणि जास्त जाणवते. फुगणं आणि गॅस हा मात्र वेगळा प्रकार. अन्नातला जो भाग लहान आतड्यात पचत नाही तो काही तासांनी मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणजे दुपारी चार वाजता पोट ढोलकीसारखं ताठ झालं तर सकाळी काय खाल्लं ते आठवावं. हे दोन हिशेब वेगळे केल्यावर माझी कितीतरी निर्दोष माणसं सुटली. वांगं परत ताटात आलं.

सकाळ का अवघड जाते तेही कळलं. झोपेत आतडं शांत असतं आणि जाग येताच चाल धरतं. त्यावर चहा पडला की चहातलं कॅफिन त्याला आणखी ढकलतं. त्यात एसटीची वेळ. स्टँडवर उभं राहिल्यावर मनात एकच विचार, की औशापर्यंत मध्ये कुठं काही नाही. या विचारानंच कळ यायची. पूर्वी मला हे माझ्या मनाचे खेळ वाटत, लोकही तसंच म्हणत. पण भीतीनं हृदय धडधडतं ते कुणी खोटं म्हणत नाही, मग भीतीनं आतडं आवळतं ते खोटं का? आता मी तासभर आधी उठते. कोमट पाणी, थोडंसं खाणं, मग निवांत बसायला वेळ. चहा शाळेत पोचल्यावर. आतड्याला त्याची वेळ दिली की ते बहुतेकदा स्टँडवर त्रास देत नाही.

माझं हे सुरू कधी झालं याचा शोधही वहीमुळंच लागला. लातूरकरांना २०१६चा उन्हाळा सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा रात्री दोनलाही बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या. घरात दोन निळे ड्रम, एक प्यायचं, एक सांडायचं. तुरटी फिरवायची, गाळायचं, जमेल तेव्हा उकळायचं. त्या मे महिन्यात मी उलटी-जुलाबानं आडवी झाले. सलाईन लागलं, बरी झाले, शाळेतही गेले. पण पोट पूर्वीसारखं झालं नाही, ते आजतागायत.

असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. गॅस्ट्रो झालेल्या साधारण दहातल्या एकाला पुढं आयबीएस जडतो. कॅनडात वॉकरटन नावाचं गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तिथल्या पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि गावातली हजारो माणसं आजारी पडली. संशोधकांनी त्या गावाचा पुढं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण न पडलेल्यांपेक्षा खूप जास्त निघालं, आणि काहींचा त्रास आठ वर्षांनीही सरला नव्हता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या ड्रमांची रांग दिसली. तिकडं निदान कुणीतरी मोजलं. मराठवाड्यात दर चार-दोन वर्षांनी टँकर येतात, गावोगाव जुलाबाची साथ येते आणि जाते, आणि मागं किती पोटं बिघडलेली राहतात याचा हिशेब कुणी मांडत नाही. पाणीटंचाई म्हटलं की पीक आणि जनावरं डोळ्यापुढं येतात. माणसाच्या आतड्यावर तिची खूण राहते हेही त्याच बातमीत यायला हवं.

आता खाण्याचं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५च्या सुमारास फॉडमॅप ही कल्पना मांडली. काही विशिष्ट कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि पुढं जाऊन आंबतात. कांदा, लसूण, गहू, बऱ्याच डाळी, दूध, आंबा या सगळ्यांत ती आहेत. पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा वाटलं, आमचं अख्खं स्वयंपाकघरच लिहून काढलंय. लसणाशिवाय ठेचा कसा, कांद्याशिवाय येसराची आमटी कशी? पण त्याच यादीच्या दुसऱ्या बाजूला ज्वारी होती, शेंगदाणे होते, तांदूळ होता, भगर होती. भाकरी माझ्या पोटाला पोळीपेक्षा सोसते हे वहीत आधीच दिसत होतं, आता त्याचं कारण मिळालं. गव्हातली आंबणारी साखळी ज्वारीत बरीच कमी असते. आज्जी पोट बिघडलं की ताक-भाकरी द्यायची. दुधातली साखर पुष्कळ भारतीयांना मोठेपणी पचत नाही, विरजणात ती काहीशी कमी होते. आज्जीला हे माहीत नव्हतं, पण तिचं पाहणं पक्कं होतं.

काही युक्त्या हाताशी आल्या. लसणाच्या आख्ख्या पाकळ्या तेलात तळून बाहेर काढायच्या आणि त्याच तेलाची फोडणी द्यायची. लसणातलं जे बाधतं ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. वास आणि चव तेवढी येते. कांद्याची हिरवी पात चालते, पांढरा भाग टाळायचा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं. डाळ सोडली नाही, वाटी लहान केली. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा डबीवरचं बारीक अक्षर वाचायचं. आणि एक कळकळीनं सांगते, हे पथ्य जन्मभराचं नाही. दोन ते सहा आठवडे कडक, मग एकेक पदार्थ थोडाथोडा परत आणून पाहायचा, तेही आहारतज्ज्ञांना विचारून. मुळात अशक्त असलेल्या बाईनं यादी पाहून सगळं सोडलं तर पोटाआधी तीच खचेल. आमच्याकडं बायका उपासानं आधीच अर्ध्या झालेल्या असतात.

येळवशीचं सांगायलाच हवं. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात असतं, शहर ओस पडतं. कडब्याची कोप बांधायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग वनभोजन. त्या दिवशीची भज्जी म्हणजे ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, शेंगा, मेथी, पातीचा कांदा, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेलं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. माझ्या पोटाला न झेपणारं जे जे आहे ते जवळपास सगळं एका ताटात. आणि वर आग्रह. आग्रह हा आमच्या भागातला प्रेमाचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, तो नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं.

आजार समजण्याआधी मी त्या दिवशी डोकं दुखण्याचं कारण सांगून घरी थांबायचे. समजल्यावर जाऊबाईंना आदल्या दिवशी फोन केला आणि सरळ सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. दुसऱ्या दिवशी कोपीजवळ पोचले तर मोठ्या मडक्याशेजारी एक छोटं गाडगं होतं, त्यातल्या आंबिलीत लसूण नव्हता. नुसतं आलं, जिरं, मीठ, ओवा. मी दोन उंडे घेतले, भज्जी वाटीभर, चावून चावून, दोन वाट्या आंबील. आत्याबाई पळी घेऊन आल्या, "आगं एवढ्यानं काय व्हतंय, घी की माय." त्यांचा हात ताटापर्यंत आला होता. जाऊबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "आत्या, तिला ऱ्हाऊ द्या. तिच्या पोटाचं तिला ठावं." आत्याबाई क्षणभर थांबल्या आणि ती पळी त्यांनी स्वतःच्या ताटात ओतली. संध्याकाळी पोट थोडं फुगलं, वहीत तसं लिहिलं. पण मी दिवसभर शेतात होते, हरभऱ्याच्या ओळीतून पोरांबरोबर हिंडले.

औषधांबद्दल थोडक्यात. कळ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आहेत. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर बद्धकोष्ठ आणि पातळ शौच दोन्हीकडं कामाला येतं. गव्हाच्या कोंड्यानं मात्र काहींचं फुगणं वाढतं. एका गोळीवर आमच्या घरी चर्चा झाली. दुकानदार पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "मॅडम, ही तर डिप्रेशनची आहे." घरातल्यांचे चेहरे उतरले. ॲमिट्रिप्टिलीन जुनं औषध आहे, मोठ्या मात्रेत ते नैराश्यावर देतात. अगदी लहान मात्रेत ते आतड्याकडून मेंदूकडं जाणारी दुखण्याची खबर सौम्य करतं. २०२३ साली ब्रिटनमध्ये साध्या दवाखान्यांतल्या आयबीएसच्या रुग्णांवर याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि लहान मात्रेचा उपयोग दिसला. डॉक्टरांनी हे घरच्यांना समोर बसवून सांगितलं. ज्यांना ही गोळी लिहून दिली आहे त्यांनी दुकानदाराच्या एका वाक्यावर ती बंद करू नये.

आणि हेही तितक्याच जोरानं सांगायचं आहे की प्रत्येक पोटदुखी आयबीएस नसते. शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, जुलाबानं रात्री झोपेतून उठावं लागणं, बारीक ताप, रक्त फार कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सवय बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. आपल्याकडं आतड्याचा क्षयही असतो, गव्हातल्या ग्लुटेनमुळं होणारा सिलिॲक आजारही असतो, आणि दोन्हींची सुरुवात आयबीएससारखीच वाटू शकते. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेण्यात, पाय ओढून घेण्यात वर्षं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

शाळेतलं एक मनात सारखं घोळतं. आमच्या शाळेत मुलींचं शौचालय आहे, उन्हाळ्यात पाणी नसतं. मुली घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत दाबून धरतात, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. शौच रोखून धरलं की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मल कडक होतो, पोट दुखतं, आणि पोरगी "नाटकं करते" ठरते. पाळीच्या दिवसांत पोट जास्त बिघडतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, ते साहजिक आहे हेही नाही. मी मुख्याध्यापकांच्या आणि ग्रामपंचायतीच्या मागं लागून शौचालयापाशी एक टाकी बसवून घेतली आहे. ती भरण्याची पाळी ठरवली आहे. आठवीच्या तासाला पचनसंस्था शिकवताना आता मी मोठ्या आतड्यापाशी घाई करत नाही.

त्या वर्गातली एक मुलगी गेले कित्येक महिने मधल्या सुट्टीनंतर पोट धरून बसते. तिला मी एक वही दिली. तिनं ती इतकी नेटकी लिहिली की मलाच भरून आलं: तारीख, आकडा, दुखलं का, किती वेळ. वजनही दर महिन्याला शाळेच्या काट्यावर. वजन उतरतंय. हे माझ्यासारखं नाही, हे मला त्या पानांवरून दिसतंय, म्हणून तिच्या आईला बोलावून घेतलं. आई शेतातून तशीच आली होती, हाताला तुरीच्या शेंगांचा चिकटा. म्हणाली, "गोळी दिली हुती की बाई, जंताची. मग म्हणले काय नाय तिला." मी वही तिच्यापुढं उघडली, कुठला आकडा म्हणजे काय ते सांगितलं. दोन तपासण्यांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी दोघींबरोबर लातूरला जाणार आहे, आणि वही त्या पोरीनं स्वतः डॉक्टरांना दाखवायची असं ठरलंय.